फोटोतले आकडे वाचायला शिकताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मशीनशॉपमध्ये मी क्वालिटीला आहे, सहा वर्षं झाली. फौंड्रीतून आलेली कास्टिंग आमच्याकडे मशीनिंग होतात, आणि वरचा थर निघाला की आतली ब्लोहोल उघडी पडतात, म्हणजे ओतताना आत अडकलेल्या गॅसमुळं राहिलेली बारकी भोकं. ती बघायची हे माझं काम. डोळ्यानं. टेबलावर ट्यूबलाईट, हातात कास्टिंग, फिरवून फिरवून बघायचं, शंका आली तर भिंग लावायचं, अर्ध्या मिलीमीटरपेक्षा मोठं होल दिसलं की लाल खडूची खूण करून पीस बाजूला. सकाळी काही वाटत नाही पण जेवणानंतर डोळे चुरचुरायला लागतात आणि चार वाजले की चकाकणाऱ्या लोखंडावर सगळं एकसारखंच दिसतं. गेल्या वर्षी माझ्या हातून एक होल सुटलं, तो पीस कस्टमरकडून परत आला आणि सगळा लॉट आम्ही तिघींनी रात्री दहापर्यंत थांबून परत तपासला. त्या रात्री घरी येताना डोक्यात एकच होतं, मोबाईलला माणसाचा चेहरा ओळखता येतो तर एवढं भोक ओळखता येणार नाही का?

माझा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा थोडी थोडी येत होती. इंटरनेटवर बघून एक तयार एआय मॉडेल घेतलं, चांगल्या आणि रिजेक्ट पीसचे मिळून दीडेकशे फोटो काढले, गूगल कोलॅब या गूगलच्या ऑनलाइन सोयीवर ट्रेन केलं, म्हणजे ते फोटो दाखवून शिकवलं, आणि लॅपटॉपवर जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर आली. मी इतकी खूश झाले की दुसऱ्या दिवशी सुपरवायझर मामांना दाखवायला घेऊन गेले. शॉपमध्ये समोरासमोर पीस धरले तर साफ उलटं, होल असलेले पीससुद्धा ओके म्हणतंय. दोन दिवस कळंना. मग सहज एका चांगल्या पीसवर खडूची खूण केली आणि फोटो काढला तर मॉडेल म्हणतंय रिजेक्ट. म्हणजे माझ्या ट्रेनिंगच्या फोटोत प्रत्येक खराब पिसावर लाल खडू होता, आणि ते होल नाही, खडू ओळखायला शिकलं होतं.

मला वाईट वाटलं ते चुकलं म्हणून नाही. ते का चुकतंय हे मला शोधता येत नव्हतं, खडूचं लक्षात आलं तेही नशिबानं. माझ्या डिप्लोमाच्या एका सरांना फोन केला, ते म्हणाले, "तू इमारतीच्या पाचव्या मजल्यावर राहायला गेलीस, पायाच बघितला नाहीस. आधी पिक्सेल म्हणजे काय ते नीट शीक, मग फिल्टर, मग एज म्हणजे कडा, सहा महिने लागूदेत." सहा महिने म्हटल्यावर जीवावर आलं, पण दुसरा रस्ता नव्हता. ग्रंथालयातून एक जाड पुस्तक आणलं, एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटीवाल्यांची मोफत ऑनलाइन लेक्चर्स फोनवर लावली, आणि रात्री साडेनऊ ते अकरा अभ्यास, असं सुरू झालं.

पहिला आठवडा मी फक्त आकडे बघितले. खरंच फक्त आकडे. पिक्सेल म्हणजे फोटोचा सगळ्यात बारका ठिपका, आणि प्रत्येकाला उजेडाचा एक आकडा. कास्टिंगच्या एका फोटोतला होलच्या आसपासचा २० बाय २० पिक्सेलचा तुकडा घेतला, ग्रे केला आणि त्यातले ४०० आकडे आलेखाच्या वहीत पेन्सिलीनं उतरवून काढले. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा, मधले सगळे राखाडी, कारण एका पिक्सेलला ८ बिट, म्हणजे ० किंवा १ ची आठ घरं, आणि २ चा आठवा घात २५६. वहीत सगळीकडे १८०, १७६, १८३ असं चाललेलं असतं आणि मधेच ९५, ६०, ४१, ३८ असा खड्डा येतो आणि परत १७० वर चढतो. तो खड्डा म्हणजे होल. सहा वर्षं मी जे डोळ्यानं बघत होते ते पहिल्यांदा आकड्यात दिसलं, आणि कम्प्युटरला यापलीकडं काहीच दिसत नाही हे डोक्यात पक्कं बसलं. त्याला कास्टिंग माहीत नाही, खडू माहीत नाही, फक्त हा तक्ता.

आमचे आण्णा शेजारी बसून बघत होते. आण्णा तरुणपणी महाद्वार रोडजवळच्या एका फोटो स्टुडिओत डार्करूमला होते, सगळं ब्लॅक अँड व्हाईटचं काम. ते म्हणाले, "हे आकडे म्हणजे चांदी किती जमली ते, व्हय?" मी म्हटलं, "व्हय की, तसंच." त्यांच्या फिल्मवर चांदीचे कण, माझ्याकडं आकडे. त्या दिवसापासून रोज रात्री मी काय शिकले ते आण्णांना सांगायचं असा नेमच पडला, आणि मला वाटतं मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या सांगण्यात शिकले, कारण त्यांना इंग्रजी शब्द सांगून भागत नव्हतं.

त्यांना पहिल्या डिजिटल फोटोची गोष्ट फार आवडली. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल किर्श नावाच्या माणसानं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅनरमधून कम्प्युटरमध्ये घातला, तो १७६ बाय १७६ पिक्सेलचा होता, म्हणजे सगळे मिळून ३०,९७६ आकडे. माझ्या साध्या फोनचा फोटो ४००० बाय ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल आणि प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. आण्णा म्हणाले आमच्या कोल्हापूरला हे नवीन नाही, बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला होता, आता तू आकड्यांचा बनव. मी काही कॅमेरा बनवत नव्हते पण ते ऐकून बरं वाटलं.

पुस्तकात पुढं सॅम्पलिंग आणि क्वांटायझेशन. नावं अवघड पण मुद्दा सोपा आहे, किती ठिकाणी मोजायचं आणि मोजलेलं किती पायऱ्यांत बसवायचं. पायऱ्यांचं मी रंकाळ्यावरच्या संध्याकाळच्या फोटोवर करून बघितलं. २५६ पायऱ्यांच्या ६४ केल्या, फरक फारसा दिसला नाही. १६ केल्यावर आकाशात पट्टे दिसायला लागले, जिथं रंग सावकाश उतरत होता तिथं जिने झाले, आणि ४ केल्यावर तर कागद कापून चिकटवल्यासारखं आभाळ. गंमत म्हणजे त्याच फोटोतली काठावरची माणसं आणि भेळेच्या गाड्या १६ पायऱ्यांतसुद्धा चांगल्या दिसत होत्या, कारण तिथं बारीक तपशील खूप आणि सपाट भाग कमी. १९२० च्या दशकात लंडनहून न्यूयॉर्कला समुद्राखालच्या केबलमधून वर्तमानपत्रांचे फोटो पाठवायचे, बार्टलेन पद्धत म्हणायचे तिला, त्यात सुरुवातीला फक्त ५ पायऱ्या होत्या, १९२९ पर्यंत १५ झाल्या, हे वाचलं आणि माझं ४ पायऱ्यांचं आभाळ परत एकदा उघडून बघितलं.

सॅम्पलिंगनं मात्र मला दमवलं. आमच्या शॉपच्या शेडची भिंत पन्हळी पत्र्याची आहे, तिचा फोटो मी लहान करायला घेतला. सोपं वाटलं, दर आठवा पिक्सेल ठेवायचा, बाकीचे टाकून द्यायचे. उघडून बघते तर पत्र्यावर रुंद रुंद पट्टे, जे पत्र्यावर नाहीतच. आधी वाटलं कोड चुकला. मग वहीत मोजलं, फोटोत एक पन्हळ ९ पिक्सेलची होती आणि मी दर ८ पिक्सेलांनी मोजत होते, त्यामुळं प्रत्येक वेळी मी पुढच्या पन्हळीच्या एक पिक्सेल अलीकडं पडत होते, आणि ८ पन्हळी ओलांडल्यावर परत पहिल्या जागी. म्हणजे ८ पन्हळींची मिळून एक खोटी पन्हळ तयार झाली. एका पट्ट्यात निदान दोनदा तरी मोजलं पाहिजे, नाहीतर जे नाही ते दिसतं. उपाय म्हणजे लहान करायच्या आधी फोटो थोडा धूसर करायचा, म्हणजे बारीक पन्हळी आधीच पुसल्या जातात आणि खोट्या तयार होत नाहीत. हे मी मुद्दाम लांबवून सांगतेय कारण ही चूक डोळ्याला पटकन कळत नाही, फोटो छानच दिसतो, फक्त खोटा असतो.

रंगाचं प्रकरण मी पटकन उरकलं, आमचं लोखंड राखाडीच. एक मात्र सांगते. चैत्र यात्रेचा जोतिबाचा फोटो उघडला, सगळा डोंगर गुलालानं भरलेला, आणि स्क्रीनवर गुलाल जांभळा! ओपनसीव्ही ही जी फोटोच्या कामाच्या तयार कोडची लायब्ररी आहे ती रंग निळा, हिरवा, लाल या क्रमानं वाचते आणि मी दाखवायला जी वापरली ती लाल, हिरवा, निळा समजते, लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली. दुसरं, ग्रे करताना तिन्ही रंगांची सरळ सरासरी घेत नाहीत, लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ भाग घेतात, कारण आपल्या डोळ्याला हिरव्यातला उजेड जास्त जाणवतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरसुद्धा हिरव्याच्या जागा लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, कोडॅकच्या ब्राइस बेयरची ही मांडणी, १९७६ चं पेटंट.

मग हिस्टोग्राम आला आणि मला खरी गोडी लागली. कुठल्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख, एवढंच. पण माझ्या कास्टिंगच्या फोटोंचे हिस्टोग्राम काढले तर बहुतेक पिक्सेल २० ते ७० मध्ये दाटीवाटीनं बसलेले, वरची जागा जवळजवळ मोकळी. म्हणजे मी अंधारात फोटो काढत होते आणि स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवून समाधान मानत होते. इक्वलायझेशन म्हणजे हे सगळे पिक्सेल पसरून बसवायचे, समजा ४० टक्के पिक्सेल ३५ किंवा त्याखाली असतील तर ३५ च्या जागी २५५ चे ४० टक्के म्हणजे १०२ घालायचे, असं प्रत्येक आकड्याचं. आण्णांना सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "निगेटिव्ह सपाट असली की आम्ही हार्ड पेपर घ्यायचो, काळंपांढरं ठळक उठवणारा, तेच हे." नंतर जरा थांबून म्हणाले, "पण हार्ड पेपरवर ग्रेन पण उठून दिसतंय बघ." तंतोतंत तसंच झालं होतं! फोटो उजळला पण अंधारातला सगळा रवाळपणा पण उजळून वर आला.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. इक्वलायझेशनपेक्षा सोपं काहीतरी करावं म्हणून मी प्रत्येक पिक्सेलमध्ये ६० मिळवले, म्हणजे फोटो तेवढा उजळेल. मग अंधारे ठिपके मोजायचा प्रोग्रॅम चालवला तर एका चांगल्या, मी स्वतः तपासलेल्या पीसवर शंभराच्या वर होल. परत भिंग घेऊन बसले, एकही नाही. तीन रात्री गेल्या. शेवटी परत आलेखाची वही काढली आणि आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा दिसलं की १५० चे २१० झालेत ते बरोबर, पण २०० चे ४ झालेत. ८ बिटात २५५ च्या पुढं जागाच नाही, २६० होतात तेव्हा ते मीटरसारखं परत शून्यापासून मोजायला लागतं. म्हणजे लोखंडावरची जी जागा सगळ्यात जास्त चमकत होती तीच काळी झाली आणि प्रोग्रॅमनं तिला होल म्हटलं. ओपनसीव्हीची स्वतःची बेरीज वापरली असती तर ती २५५ ला थांबते, पण मी नमपायची, म्हणजे पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीची, साधी बेरीज वापरली होती, ती गोल फिरते. यात एररचा मेसेज येत नाही, काही नाही. वही नसती तर मला कधी कळलं नसतं.

फिल्टरचा भाग सुरू झाला तेव्हा पाऊस लागला होता, पंचगंगेचं पाणी वाढतंय म्हणून सगळ्यांचं लक्ष राजाराम बंधाऱ्याकडं, आणि मी घरात तीन बाय तीनच्या चौकटी काढत बसलेले. एक पिक्सेल आणि त्याचे आठ शेजारी, प्रत्येकाला एका आकड्यानं गुणायचं, बेरीज करायची, उत्तर मधल्याच्या जागी लिहायचं, एक घर पुढं सरकायचं. कॉन्व्होल्युशन कॉन्व्होल्युशन म्हणून जे घाबरवतात ते हेच. मी हातानं २० बाय २० चा तुकडा केला, दोन संध्याकाळी गेल्या, पण मग कुठलाही फिल्टर बघितला की तो काय करणार हे आधीच दिसायला लागलं.

सरासरी आणि मिडियनचा फरक तर एका उदाहरणात कळला. माझ्या वहीत एका ठिकाणी नऊ आकडे असे होते, ५०, ५२, ५१, ४९, २५५, ५०, ५३, ४८, ५१. मधला २५५ म्हणजे धातूच्या बारक्या कणाची चमक. सरासरी काढली तर ६५९ भागिले ९, म्हणजे ७३. आजूबाजूचे सगळे पन्नासच्या घरात आणि मधे ७३, डाग गेला नाही, फक्त फिका होऊन पसरला. तेच नऊ आकडे चढत्या क्रमानं लावून मधला, म्हणजे पाचवा घेतला तर ५१. डाग नाहीसा! एका पिसाळलेल्या आकड्यानं सरासरी ओढली जाते, मधला आकडा जागचा हलत नाही. शाळेत मध्यक शिकलो होतो तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

पण मिडियननं मला एक धक्का पण दिला. फोटो लवकर चालावेत म्हणून मी ४००० रुंदीचे ८०० करून घेत होते आणि वर पाच बाय पाचचा मिडियन लावत होते. सगळं गुळगुळीत स्वच्छ दिसायचं आणि बारकी होल सापडायचीच नाहीत. मग हिशेब केला. माझ्या फोटोत १२० मिलीमीटर रुंदीचा भाग येतो, म्हणजे मूळ फोटोत एका मिलीमीटरला ३३ पिक्सेल, अर्ध्या मिलीमीटरचं होल १६-१७ पिक्सेलचं. ८०० केल्यावर तेच होल जेमतेम ३ पिक्सेल. ३ पिक्सेलच्या गोलात साधारण ९ पिक्सेल, आणि पाच बाय पाचच्या चौकटीत २५, म्हणजे होल कायम अल्पमतात, मिडियन त्याला कचरा समजून पुसून टाकणारच. मी स्वतःच्या हातानं होल पुसत होते. आता मी कुठलंही काम करायच्या आधी एका मिलीमीटरला किती पिक्सेल पडतात ते वहीच्या वर लिहिते, व्हर्नियर हातात घेतल्यावर आधी झीरो बघतो तसं.

सोबेल नावाच्या फिल्टरनं कडा शोधतात, डाव्या स्तंभात उणे १, उणे २, उणे १, मधे शून्य, उजवीकडं १, २, १. सपाट जागी सगळं मिळून शून्य येतं, जिथं उजेड बदलतो तिथंच आकडा येतो. मी लावलं तर प्रत्येक गोल होलची फक्त उजवी चंद्रकोर दिसत होती, डावी बाजू गायब. उजेडाकडून अंधाराकडं जाताना उत्तर उणे येतं आणि ८ बिटाच्या घरात उणे आकडे बसत नाहीत, ओपनसीव्ही त्यांचं शून्य करते. परत तेच ८ बिट! या वेळी मात्र तीन रात्री लागल्या नाहीत, चंद्रकोर बघितल्या बघितल्या हात वहीकडं गेला, उत्तर दशांश प्रकारात ठेवलं, उणे चिन्ह काढून टाकलं, अख्खं वर्तुळ आलं. त्या रात्री मी आईला पण उठवून दाखवलं.

फुरियर, म्हणजे फोटोतले पट्टे किती बारीक आणि कुठल्या दिशेचे ते ठिपक्यांत दाखवणारी पद्धत, मी आधी वगळणार होते. गणित बघूनच हात गळाले. सर म्हणाले गणित राहूदे, आधी चित्र बघ. तो पन्हळी पत्र्याचा फोटो घातला आणि समोर काळ्या पडद्यावर मधे एक ठळक ठिपका आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक ठिपका. फोटो फिरवला की ठिपके फिरतात, पन्हळ बारीक झाली की ठिपके लांब जातात. म्हणजे अख्ख्या भिंतीची पन्हळ त्या दोन ठिपक्यांत गोळा झाली होती. ते दोन ठिपके मी बोटानं खोडल्यासारखे पुसले आणि उलटं फिरवून परत फोटो केला, तर भिंत जवळजवळ सपाट. मला अजून गणित पूर्ण येत नाही, पण ते सॅम्पलिंगच्या वेळचे खोटे पट्टे कुठून आले ते ठिपक्यांच्या भाषेत आता सांगता येतं. याच घराण्यातली कोसाइनची पद्धत जेपीईजीमध्ये, म्हणजे फोटोची फाईल लहान करून ठेवायच्या प्रकारात आहे, फोटोचे आठ बाय आठचे तुकडे पाडून, ती १९७४ मध्ये मांडणाऱ्या तिघांतले नासिर अहमद मूळचे बंगलोरचे. मी कास्टिंगचे फोटो मेसेजमधून लॅपटॉपवर पाठवायचे तेव्हा होलच्या कडेला चौकोनी चौकोनी डाग यायचे ते याच आठ बाय आठचे. आता केबलनंच घेते.

शार्पनिंग शिकताना अनशार्प मास्क असं नाव आलं. शार्प करायचं आणि नाव अनशार्प, मला कळंना. आण्णांना विचारलं तर ते हसले नाहीत, उठून जुनी निगेटिव्ह घेऊन आले. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर आणि फिकी पॉझिटिव्ह काढायची, ती मूळ निगेटिव्हला नीट जुळवून चिकटवायची आणि दोन्ही मिळून प्रिंट काढायची, मग कडा उठून येतात. मी कोडमध्ये मूळ फोटोतून धूसर फोटो वजा करत होते आणि फरक परत मिळवत होते. तीच गोष्ट. आण्णांच्या हातांनी हे केलेलं आहे, लाल बल्बच्या उजेडात, आणि मी पुस्तकात शोधत होते.

आता उजेडाचं, कारण मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. थ्रेशोल्ड म्हणजे एक आकडा ठरवायचा, त्याच्या खालचं होल आणि वरचं लोखंड. तो आकडा कोण ठरवणार? १९७९ मध्ये नोबुयुकी ओत्सु यांनी पद्धत दिली, प्रत्येक आकडा लावून बघायचा, दोन गट पाडायचे आणि जिथं प्रत्येक गट आतल्या आत सगळ्यात कमी विखुरलेला असेल तो आकडा घ्यायचा. सुंदर आहे, आणि माझ्या फोटोंवर चालली नाही. ट्यूबलाईट डावीकडं होती, त्यामुळं डावीकडचं होल ९० आणि उजवीकडचं चांगलं लोखंड ८०. आता कुठलाही आकडा घ्या, एक बाजू चुकणारच. मी अडॅप्टिव्ह थ्रेशोल्ड लावला, म्हणजे फोटोच्या प्रत्येक भागाला वेगळा आकडा, पांढऱ्या कागदाचा फोटो काढून त्यानं भागून बघितलं, बरीच सुधारणा झाली, पण चकाकी काही हटेना. महिनाभर मी कोडमध्येच खटपट करत होते.

एक दिवस सुपरवायझर मामा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "तू तपासताना पीस असा तिरका का धरतीस?" मी म्हटलं चकाकी डोळ्यावर येऊ नये म्हणून. "मग कॅमेऱ्यानं काय करायचं?"

एवढंच म्हणून ते गेले. सहा वर्षं माझा हात आपोआप करत होता ते काम मी कॅमेऱ्याला दिलंच नव्हतं. त्या सुट्टीला लक्ष्मीपुरीतून एक प्लॅस्टिकचं घमेलं आणलं, आतून पांढरा मॅट रंग दिला, तळाला कॅमेऱ्यापुरतं भोक पाडलं, काठाच्या आतून एलईडीची पट्टी वरच्या दिशेनं फिरवली आणि ते पीसवर उपडं घातलं. उजेड सरळ लोखंडावर पडत नाही, पांढऱ्यावर आपटून सगळीकडून सारखा खाली येतो. पहिला फोटो काढला आणि हिस्टोग्राम बघितला तर दोन वेगळे डोंगर, एक उंच लोखंडाचा, एक ठेंगणा होलचा, मधे मोकळी दरी. ओत्सुनं आकडा बरोबर दरीत टाकला. तोच चार ओळींचा कोड जो महिनाभर चालत नव्हता तो चालला. मी कोडमधला एक शब्द बदलला नव्हता.

सध्या परिस्थिती अशी आहे. रोज शिफ्ट संपल्यावर मी दिवसभर डोळ्यानं तपासलेले वीसेक पीस घमेल्याखाली घालते आणि माझं आणि प्रोग्रॅमचं उत्तर वहीत शेजारी लिहिते. अर्ध्या मिलीमीटरपेक्षा मोठी होल त्याला बहुतेक सापडतात, दोनदा तर माझ्याकडून सुटलेलं त्यानं दाखवलं. पण कूलंटचा आणि तेलाचा डाग राहिला की त्याला तो होलच वाटतो, आणि पीस दरवेळी पुसत बसायला शॉपमध्ये वेळ नसतो. ओपनिंग नावाची ठिपके खोडायची पद्धत वगैरे करून बघितली, बारके ठिपके जातात, मोठा डाग राहतो.

मग आण्णांनीच सुचवलं, त्यांच्याकडं जुन्या फोटोवर ओरखडा आहे का डाग आहे हे बघायला ते फोटो खिडकीशी धरून एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून उजेड घ्यायचे. खड्डा असेल तर सावली बाजू बदलते, डाग आहे तिथंच राहतो. म्हणजे घमेल्यातली एलईडी पट्टी मधे तोडून दोन भाग करायचे, डावी लावून एक फोटो, उजवी लावून एक, आणि दोन्हींची वजाबाकी. डाग दोन्हीत सारखा म्हणून शून्याजवळ जाईल, होल उरेल. काल रात्री पट्टी तोडून दोन स्विच बसवले. आण्णांनी घमेलं धरलं, मी सोल्डरिंग केलं. वजाबाकी करायच्या आधी दोन्ही फोटो ८ बिटातून बाहेर काढून घेतलेत, उद्या तेल लागलेले दहा पीस घेऊन बसणार आहे.